तीन भाषांतली नावं आणि हरवलेली हजेरी : मूडल अपग्रेडमधल्या प्लगिनांचं एक प्रकरण

आमच्या संस्थेचे ऑनलाइन वर्ग ज्या प्रणालीवर चालतात, त्या मूडलवर प्रत्येक विषयाचं नाव तीनदा लिहिलेलं आहे. एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये, एकदा इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधली मुलं, कन्नड माध्यमातून पीयूला (अकरावी-बारावीला) आलेली मुलं आणि बी. कॉम. करणारे मोठे विद्यार्थी असे सगळे त्या एकाच साइटवर येतात. ज्याने जी भाषा निवडली असेल, त्याला त्या भाषेतलं नाव दिसतं. बेळगावात घरात एक, बाजारात दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा बोलणारी मुलं सर्रास भेटतात. त्यामुळे ही सोय आमच्यासाठी वरवरची नाही. मुलाला आपला विषय आपल्या भाषेत सापडला पाहिजे, एवढ्याचसाठी शिक्षकांनी शेकडो ठिकाणी तिन्ही नावं हाताने टाइप केली आहेत.

हे घडवतं ते एक फिल्टर प्लगिन, म्हणजे मूडलला वरून जोडलेला आणि मजकूर दाखवण्याआधी गाळून देणारा एक छोटा प्रोग्राम. मूडलचा स्वतःचाही बहुभाषी फिल्टर आहे, पण त्यासाठी एचटीएमएलचे टॅग लिहावे लागतात आणि शिक्षकांना ते जड जात होतं. म्हणून आम्ही ‘मल्टिलँग टू’ हे बाहेरचं प्लगिन बसवलं. त्यात महिरपी कंसात ‘एमलँग’ हा शब्द आणि भाषेची दोन अक्षरं लिहिली की पुरतं. आमच्या साठीला आलेल्या बाईंनाही ते पाठ झालं.

२०२५ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, शाळा उघडायच्या बेतात असताना, एका सकाळी सगळ्यांना सगळ्या विषयांची तिन्ही नावं एका ओळीत, मधल्या कंसांसकट दिसू लागली. खानापूरकडच्या शाखेतल्या सरांचा फोन आला, "सर, नावांचं काय झालंय बघा की. आणि हजेरीच दिसत नाही कुठे. एकाही विषयात नाही."

आदल्या रात्री साइट मीच अपग्रेड केली होती.

मे महिन्यातली चूक

मूडल २००२ पासून आहे. ते फुकट मिळतं, त्याचा कोड उघडा आहे आणि त्याला जोडून चालणारं प्लगिन कुणालाही लिहिता येतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही ३.९ आवृत्ती बसवली. वर्ग चालू ठेवायचे, एवढंच तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात होतं. हजेरी, प्रमाणपत्र, प्रश्नावली, खेळ, थीम, ज्याला जे लागलं ते आम्ही घालत गेलो. कुणी मागितलं आणि कशासाठी, याची नोंद कुणीच ठेवली नाही.

३.९ ही जून २०२० ची, लांब मुदतीच्या आधाराची आवृत्ती. तिला मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या डिसेंबर २०२३ मध्ये थांबल्या. तरी आम्ही रेटत राहिलो. मग होस्टिंगवाल्यांनी कळवलं की मूडल ज्या भाषेत लिहिलेलं आहे त्या पीएचपीची ७.४ आवृत्ती ते बंद करणार आहेत. त्यांचं म्हणणं रास्त होतं, कारण पीएचपी ७.४ ची देखभाल नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली होती. मूडल ३.९ त्यापुढच्या पीएचपीवर चालत नाही, त्यामुळे आहे तिथे थांबायचा पर्यायच उरला नाही.

उन्हाळी सुट्टी संपायच्या आत ४.१ वर जायचं मी ठरवलं. नवा कोड जुन्यावर ओतायचा नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा, हे मला माहीत होतं आणि मी ते पाळलं. जुन्यावर ओतलं की काढून टाकलेल्या जुन्या फाइली मागे राहतात, त्या नव्यात मिसळतात आणि मूडल पुढे जायला नकार देतं. मी नवा फोल्डर केला, साइटच्या मूळ सेटिंगची कॉन्फिग फाइल आणली आणि अपग्रेड चालवलं. प्लगिनं नंतर सावकाश घालू, असं मनाशी म्हटलं. चूक झाली ती इथे. बाहेरच्या प्लगिनाचा कोड जागेवर नसला तरी मूडल अपग्रेड थांबवत नाही. ते पूर्ण होतं, शेवटी यशस्वी झाल्याचा संदेश देतं, आणि ज्यांचा कोड सापडला नाही त्यांच्यापुढे प्लगिनांच्या यादीत ‘मिसिंग फ्रॉम डिस्क’ असा शेरा लिहितं. त्या रात्री मी ती यादी उघडलीच नाही.

त्या सकाळची खरी धोक्याची वेळ वेगळीच होती. संगणक विभागातल्या आमच्या मॅडमनी मदत करावी म्हणून ॲडमिन खात्याने लॉगिन केलं. प्लगिनांच्या यादीत ओळीने लाल शेरे आणि प्रत्येकासमोर ‘अनइन्स्टॉल’चा दुवा. त्यांनी फोनवर विचारलं, "सर, ही लाल झालेली काढून टाकू का? नव्याने घातली की नीट येतील." त्या बटण दाबून मोकळ्या झाल्या नाहीत, आधी विचारलं, याचं मोल मला आजही वाटतं.

कोड जागेवर नाही याचा अर्थ प्लगिनाचा डेटा गेला असा होत नाही. हजेरीच्या प्लगिनाची डेटाबेसमधली टेबलं तशीच उभी होती. तास कधी झाला, कुठल्या तासाला कोण हजर होतं, कुणाला उशिराचा शेरा मिळाला, हे पाच वर्षांचं सगळं त्यात होतं. कोड नसल्यामुळे मूडल कोर्समधून तो दुवा गाळत होतं, एवढंच. योग्य आवृत्तीचा फोल्डर परत ठेवला असता तर हजेरी जशीच्या तशी दिसली असती. पण ‘अनइन्स्टॉल’ म्हणजे ती टेबलं पुसणं. मग नवं प्लगिन घातलं तर ते रिकाम्या वहीसारखं उघडतं. आमच्याकडे परीक्षेला बसण्यासाठी हजेरीची अट आहे आणि ती टक्केवारी याच नोंदींवरून निघते.

मी परत फिरायचं ठरवलं. प्लगिनं घालून पुढे जाता आलं असतं, पण कुठल्या प्लगिनाची कुठली आवृत्ती ४.१ ला चालते हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं आणि अंदाजाने फोल्डर टाकायची माझी तयारी नव्हती. आदल्या रात्रीचा डेटाबेस, चढवलेल्या फाइलींचा मूडलडेटा फोल्डर आणि जुना कोड, तिन्ही एकत्र परत आणले. यातलं एकच परत आणून भागत नाही, कारण नव्या डेटाबेसवर जुना कोड चालत नाही. दुपारपर्यंत साइट पुन्हा ३.९ वर आली. एका सरांनी सकाळी चढवलेल्या नोट्स तेवढ्या गेल्या, त्या त्यांनी पुन्हा चढवल्या.

शनिवारची बैठक

जूनमधल्या एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, आम्ही टिळकवाडीतल्या ऑफिसात बसलो. बाहेर पाऊस लागला होता. मी बाहेरून घातलेल्या प्लगिनांची यादी छापून नेली होती. सत्तावीस नावं. समोर दोन रकाने काढले होते, ‘नवी आवृत्ती आहे’ आणि ‘नवी आवृत्ती नाही’. मला वाटत होतं, बैठक अर्ध्या तासात संपेल.

हजेरी बघणाऱ्या मॅडमनी कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "नवीन मिळतंय का नाही, ते तुम्ही बघा सर. ह्याच्यात माझं काय ठेवलंय, तेवढं मला सांगा."

मी चुकीच्या टोकापासून सुरुवात केली होती. नवी आवृत्ती असणं-नसणं हा दुसरा प्रश्न. त्या प्लगिनात कुणाचं, काय आणि किती वर्षांचं ठेवलेलं आहे, हा पहिला. त्या दुपारी आम्ही कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवे रकाने काढले. प्लगिनाचं नाव, ते काय साठवतं, कुणी मागितलं होतं, गेलं तर कुणाचं अडेल. बैठक अंधार पडेपर्यंत चालली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं खरं काम त्या टेबलावर झालं. सर्व्हरवरचं काम त्यापुढे सोपं होतं.

किती ठिकाणी काय वापरलं आहे, हे मूडलच सांगतं. ॲक्टिव्हिटींच्या व्यवस्थापनाच्या पानावर प्रत्येक प्रकारापुढे आकडा असतो. सत्तावीसपैकी बऱ्याच प्लगिनांपुढे शून्य होतं किंवा कुणीतरी प्रयोग म्हणून केलेली एखादी नोंद. ती कुणालाच आठवत नव्हती. त्यांच्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही.

थीम आणि कोर्सची मांडणी बदलणारी प्लगिनं वेगळी पडली. थीमचा कोड नसला तर मूडल स्वतःच्या बूस्ट थीमवर येतं. मांडणीचं प्लगिन नसलं तर कोर्स साध्या विभागांत दिसतो. धडे, फाइली, गुण यांना धक्का लागत नाही. आमची थीम एका जुन्या विद्यार्थ्याने २०२१ मध्ये बनवलेली होती. ४.० आवृत्तीत मूडलची सगळी मेन्यूरचना बदलल्यामुळे ती नव्यावर नीट उभी राहणार नव्हती. प्राचार्यांना तिच्यातली स्नेहसंमेलनाची सरकती चित्रं फार आवडायची. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ती थीम दर वेळी दुरुस्त करणारं माणूस आपल्याकडे नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि बूस्टवर संस्थेचं चिन्ह आणि रंग लावून भागवायचं ठरलं.

प्रमाणपत्राच्या प्लगिनावर मात्र तासभर गेला. आमच्याकडे कस्टम सर्टिफिकेट वापरतात. त्याची पीडीएफ बनवणारी लायब्ररी देवनागरीची जोडणी करत नाही. ‘शिवानी’ लिहिलं तर पहिली वेलांटी ‘श’च्या मागे जाऊन पडते, ‘लक्ष्मी’तली अक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात. कन्नडचंही तेच. म्हणून प्रमाणपत्रावरचा मराठी आणि कन्नड मजकूर आम्ही चित्र म्हणून मागे लावतो आणि मुलाचं नाव तेवढं रोमन अक्षरांत छापतो. आपल्याच मुलांची नावं आपल्या लिपीत छापता येऊ नयेत, हे मला खरंच लागतं. अपग्रेडने ते सुटणार नव्हतं. पण एक गोष्ट त्या बैठकीत निघाली जी माझ्या ध्यानात नव्हती. प्रत्येक प्रमाणपत्रावर एक कोड असतो आणि तो साइटवर टाकून प्रमाणपत्र खरं आहे का, ते तपासता येतं. ते कोड प्लगिनाच्याच टेबलात असतात. प्लगिन काढलं, तर नोकरीच्या ठिकाणी दाखवलेली जुनी प्रमाणपत्रं तपासताच येणार नाहीत. ते प्लगिन कुठल्याही परिस्थितीत न्यायचं, असं ठरलं.

एचफाइव्हपी या साधनाने बनवलेल्या खेळांसाठी आम्ही बाहेरचं प्लगिन वापरत होतो. मूडलमध्ये स्वतःची एचफाइव्हपी ॲक्टिव्हिटी ३.९ पासूनच आहे, हे आम्हाला तेव्हा लक्षात आलं नव्हतं. जुन्यातलं साहित्य नव्यात हलवण्याचं वेगळं साधन मिळतं. आम्ही ते ३.९ वरच, जुलै आणि ऑगस्टमध्ये चालवलं आणि जुने खेळ लगेच न पुसता लपवून ठेवले. शिक्षकांनी एकेक उघडून बघितल्यावरच ते काढले. अपग्रेडच्या रात्री जेवढं कमी हलवावं लागेल तेवढं बरं, हा विचार त्यामागे होता.

ऑनलाइन वर्गांसाठीच्या बिगब्लूबटनचा फास वेगळा. ३.९ मध्ये ते बाहेरचं प्लगिन होतं, ४.० पासून ते मूडलच्या मूळ कोडातच आलं. यादीत नाव दिसतंय म्हणून जुना फोल्डर उचलून नव्या जागी ठेवला, तर मूळ कोडाच्या जागी जुना कोड बसतो. म्हणून जुन्या जागेवरचे फोल्डर सरसकट उचलून आणायचे नाहीत. प्रत्येकाबद्दल आधी बघायचं की हे आता मूडलच्याच पोटात आलं आहे का.

हिरव्या खुणेवर किती भरवसा ठेवावा

अपग्रेड सुरू करण्याआधी मूडल प्लगिनांची तपासणी दाखवतं. सगळं ठीक दिसलं की आपण पुढे जातो. या तपासणीचा अर्थ मी बरीच वर्षं चुकीचा लावत होतो.

प्रत्येक प्लगिनात ‘व्हर्जन’ नावाची एक फाइल असते. तीत ‘रिक्वायर्स’ म्हणून एक आकडा लिहिलेला असतो, म्हणजे किमान कुठलं मूडल हवं. आकड्याची सुरुवात तारखेने होते. ३.९ चा आकडा २०२००६१५००, ४.१ चा २०२२११२८००, ४.५ चा २०२४१००७००. मूडल एवढंच बघतं की आपला आकडा निदान त्या किमानाएवढा आहे का. सात-आठ वर्षांपूर्वी लिहून सोडून दिलेल्या प्लगिनाचा किमान आकडा लहानच असणार, त्यामुळे ते ४.५ वरही तपासणीत पास होतं. ते चालतं का, हे त्या खुणेवरून कळत नाही. ‘सपोर्टेड’ आणि ‘इनकम्पॅटिबल’ अशा आणखी दोन ओळी असू शकतात. ‘सपोर्टेड’मध्ये ४०१ ते ४०५ असं लिहिलं असेल, तर करणाऱ्याने ४.१ ते ४.५ पर्यंत विचार केला आहे असं समजायचं. पण या ओळी लिहायलाच हव्यात अशी सक्ती नाही, आणि जुन्या प्लगिनांत त्या नसतातच.

आमच्याकडे आजचे वाढदिवस दाखवणारा एक छोटा ब्लॉक, म्हणजे पानावरची चौकट, होता. तपासणीत स्वच्छ. चाचणीच्या प्रतीवर ४.५ (या खेपेला तिथे जायचं ठरवलं होतं) आणि पीएचपी ८.१ चढवल्यावर डॅशबोर्डच, म्हणजे लॉगिननंतरचं पहिलं पानच, उघडेना. कारण शोधलं तर शब्दातलं पहिलं अक्षर काढण्यासाठी लिहिणाऱ्याने महिरपी कंस वापरले होते. पीएचपी ७.४ त्या पद्धतीबद्दल नुसती सूचना देऊन पुढे जायचं. ८ पासून ती पद्धत काढूनच टाकली आहे आणि अशी फाइल पीएचपी वाचतच नाही. ब्लॉक प्रत्येकाच्या डॅशबोर्डवर होता, म्हणून प्रत्येकाचं पान अडलं. तो ब्लॉक स्वतःचं काहीच साठवत नव्हता. तो आम्ही ३.९ वरच रीतसर अनइन्स्टॉल केला.

दुसरं उदाहरण जास्त शिकवणारं होतं. आमच्या गणिताच्या सरांनी घरचंच एक प्लगिन लिहिलं होतं, कुठल्या प्रकरणावर प्रश्नपेढीत किती प्रश्न आहेत ते दाखवणारा अहवाल. दरवर्षी एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, सराव परीक्षांआधी तो सगळे वापरतात. ४.० मध्ये मूडलने प्रश्नपेढीची रचना बदलली. प्रश्नाच्या जुन्या आवृत्त्या जपता याव्यात म्हणून प्रश्न, त्याची पेढीतली नोंद आणि तिच्या आवृत्त्या अशी वेगळी टेबलं झाली. प्रश्न कुठल्या प्रकरणातला, हे आधी प्रश्नाच्या टेबलातच लिहिलेलं असायचं, ते आता पेढीतल्या नोंदीत गेलं. सरांची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, जुन्या जागी तो रकाना शोधत होती आणि डेटाबेस वाचता येत नाही असा संदेश येत होता. तेही तपासणीत पास झालं होतं.

सर आता सांगलीला असतात. मी फोन केला, त्यांनी कोड मागवून घेतला आणि एका रविवारी बसून दोन टेबलं जोडणारी नवी क्वेरी लिहून पाठवली. म्हणाले, "माझंच पोर आहे ते, नीट करून देतो." सगळ्या संस्थांना असे सर मिळत नाहीत, याची मला जाणीव आहे. म्हणून घरी लिहिलेल्या प्रत्येक ओळीबद्दल, ती लिहिणारा माणूस गेल्यावर ती कोण वाचणार, हे आधीच विचारायला हवं असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट आम्ही केली, ती प्रत्येकाने करावी असं मी आग्रहाने सांगतो. जी प्लगिनं न्यायची होती, त्या प्रत्येकाची आमच्याकडे असलेली नेमकी तीच आवृत्ती पुन्हा उतरवली आणि सर्व्हरवरच्या फोल्डरशी फाइल-फाइल ताडून बघितली. प्रमाणपत्राच्या प्लगिनात कुणीतरी हाताने बदल केलेला निघाला. विद्यार्थ्याचा रजिस्टर नंबर छापण्यासाठी मधेच चार ओळी घातल्या होत्या. नवी आवृत्ती बसताच त्या ओळी गेल्या असत्या आणि निकालाच्या वेळी नंबर नसलेली प्रमाणपत्रं निघाली असती. खरं तर त्या बदलाची गरजच नव्हती. प्रोफाइलमधलं आपलं स्वतःचं फील्ड प्रमाणपत्रावर घ्यायची सोय प्लगिनातच आहे. ती वापरून आम्ही नमुना दुरुस्त केला आणि हाताने केलेला बदल सोडून दिला.

दोन टप्पे

या खेपेला मुक्काम ४.५ ठरवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली ही लांब मुदतीची आवृत्ती आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत. ५.० एप्रिल २०२५ मध्ये आली होती, पण नव्याच्या मागे धावण्यापेक्षा आमच्या प्लगिनांना निवांत उभं राहता येईल अशी जागा मला हवी होती.

३.९ वरून थेट ४.५ वर जाता येत नाही, आधी किमान ४.१.२ लागतं. ४.५ ला पीएचपी ८.१ आणि डेटाबेससाठी मारियाडीबी १०.६.७ किंवा त्यापुढचं लागतं. सुरुवातीला मला वाटलं, मधल्या टप्प्यासाठी पीएचपी दोनदा बदलावं लागेल. मग उलगडा झाला. अपग्रेड चालवतो तो नवा कोड, जुना नव्हे. ३.९ चा डेटाबेस नव्या सर्व्हरवर उतरवायचा, तिथे ४.१ चा कोड ठेवायचा आणि तोच डेटाबेस पुढे न्यायचा. ४.१ आणि ४.५ दोन्ही पीएचपी ८.१ वर चालतात. ३.९ चा कोड त्या मशिनवर कधी चालवायचाच नाही.

प्लगिनं दोन्ही टप्प्यांत घालायची की शेवटी एकदाच? मधल्या टप्प्यात सगळी गाळून शेवटच्या आवृत्तीत एकदम घालणारेही आहेत, आणि बऱ्याचदा ते चालतं. मी तसं केलं नाही. हजेरी, प्रमाणपत्र आणि प्रश्नावली, म्हणजे ज्यांच्यात कुणाच्या तरी नोंदी आहेत, त्यांच्या ४.१ ला साजेशा आवृत्त्या पहिल्या टप्प्यात घातल्या आणि ४.५ ला साजेशा दुसऱ्या. त्यांची टेबलं पायरी-पायरीने बदलावीत, एकाच उडीत नव्हे, असं मला वाटलं. बहुभाषी फिल्टर फक्त शेवटी, कारण तो काही साठवत नाही. ४.५ मध्ये फिल्टर लिहिण्याची पद्धत बदलली आहे, त्यामुळे तिथे त्याची ताजी आवृत्तीच घेतली.

सगळी रंगीत तालीम ऑगस्टपासून लॅबमधल्या एका जुन्या मशिनवर केली. अशी प्रत उभी करताना पहिलं काम म्हणजे कॉन्फिग फाइलमध्ये ईमेल बंद करणारी ओळ घालणं, आणि ते क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, सुरू करण्याआधी. नाहीतर प्रतीतलं क्रॉन खऱ्या मुलांना खरे ईमेल पाठवू लागतं. तीन तालमी झाल्या. पहिलीत डॅशबोर्ड अडला, दुसरीत अहवाल. तिसरी सरळ गेली. प्रश्नपेढीची नवी रचना करताना पहिला टप्पा सर्वांत जास्त वेळ खातो, हे आधी कळल्यामुळे खऱ्या रात्री घाबरायला झालं नाही. तालमीच्या साइटवर शिक्षकांनी स्वतः हजेरी भरून बघितली. मी बघून ‘ठीक आहे’ म्हणणं आणि रोज हजेरी भरणाऱ्या मॅडमनी बघून म्हणणं यात फार अंतर आहे.

दसऱ्याच्या सुट्टीत

आमच्याकडे मधली मोठी सुट्टी दसऱ्याची असते. १ ऑक्टोबरला खंडेनवमी होती. लॅबमधल्या सगळ्या मशिनांना झेंडूच्या माळा घालून पूजा झाली. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही हा रिवाज आम्ही पाळला. दुसऱ्या दिवशी दसरा. शुक्रवारी, ३ तारखेला रात्री नऊ वाजता जुनी साइट मेंटेनन्स मोडवर टाकली आणि क्रॉन थांबवलं. डेटाबेस आणि मूडलडेटा नव्या सर्व्हरवर नेले. मग कमांड लाइनवरून पहिला टप्पा, तपासणी, दुसरा टप्पा.

अपग्रेडनंतर कोड न सापडलेल्या प्लगिनांची यादी काढणारी एक कमांड मूडलमध्ये आहे. त्याच स्क्रिप्टला ‘शो मिसिंग’ ऐवजी ‘पर्ज मिसिंग’ आणि जोडीला ‘रन’ असे पर्याय दिले तर ती सगळी प्लगिनं डेटासकट पुसली जातात. फरक एक-दोन शब्दांचाच आहे, म्हणून ती कमांड मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली होती आणि संगणक विभागातल्या मॅडमनी शेजारी बसून वाचून दाखवली. यादी आली. ती आम्ही जूनच्या कागदाशी ताडली. सोडायची ठरवलेली सगळी नावं होती, आणि एक नाव जास्तीचं.

ते एडिटरमधलं समीकरणं लिहायचं एक बटण निघालं. यादी जूनमध्ये केली होती आणि ऑगस्टमध्ये भौतिकशास्त्राच्या सरांनी ते वेबवरून घातलं होतं. रात्री अकरा वाजता त्यांना फोन केला. त्यात काही साठवलेलं नव्हतं, "राहू दे सर, नव्यात आहे त्यात भागवतो" म्हणाले. पण ते बटणाच्या ऐवजी नोंदी ठेवणारं काही असतं, तर? आता वेबवरून प्लगिन बसवणं बंद करणारी ओळ कॉन्फिग फाइलमध्ये घातली आहे. हवं असेल त्याने आधी प्लगिनांसाठी केलेल्या वहीत लिहायचं.

पहाटे दोनच्या सुमारास मराठी भाषा निवडून मी विषयांची यादी उघडली. ‘भौतिकशास्त्र’ एवढंच दिसलं. कन्नड निवडली, फक्त कन्नड नाव आलं. भाषेच्या पॅकमध्ये आम्ही स्वतः बदललेले शब्दही टिकले होते, ते मूडलडेटामध्ये वेगळ्या फोल्डरात राहतात. शनिवारी सकाळी हजेरीच्या मॅडमनी २०२० च्या पहिल्या तासापासूनच्या नोंदी उघडून बघितल्या, काही वह्यांशी ताडल्या आणि मगच साइट खुली केली.

वर्ग भरल्यावर तक्रारी आल्या त्या मेन्यू कुठे गेला याच्या. दोन दिवसांत मुलांना सवय झाली, शिक्षकांना आठवडा लागला. खानापूरकडच्या सरांनी पहिल्याच दिवशी मोबाइलवरच्या ॲपमधून हजेरी भरली आणि पडद्याचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

जूनचा तो कागद आता जाड पुठ्ठ्याच्या वहीत आहे आणि वही ऑफिसातल्या कपाटात. सत्तावीसचे अकरा उरले आहेत. प्रत्येकासमोर काय साठवतं, कुणी मागितलं आणि पुढच्या अपग्रेडला कोण तपासणार, हे लिहिलं आहे. प्रश्नावलीच्या ओळीतला शेवटचा रकाना रिकामा आहे, कारण ती वापरणाऱ्या बाई येत्या मे महिन्यात निवृत्त होतात. त्यांच्याकडून ते कोण समजून घेणार, हे पुढच्या बैठकीत ठरवायचं आहे.